बाइंड माउंट आणि नेम्ड व्हॉल्यूम: जेलीफिनचं सामान कुठे ठेवायचं?

जेलीफिन म्हणजे घरचे व्हिडिओ पाहण्यासाठीचा मीडिया सर्व्हर, आणि डॉकर म्हणजे असे प्रोग्रॅम 'कंटेनर' नावाच्या वेगळ्या डब्यात चालवणारं साधन. डॉकरमध्ये जेलीफिन चालवायचा तर कंपोझ फाइलमध्ये (कंटेनर कसा उभा करायचा ते सांगणाऱ्या फाइलमध्ये) डेटा कुठे ठेवायचा यासाठी 'व्हॉल्यूम्स' नावाचं एक कलम लिहावं लागतं. त्याखाली कोणी './कॉन्फिग:/कॉन्फिग' लिहितो, कोणी 'कॉन्फिग:/कॉन्फिग'. फरक सुरुवातीच्या टिंबाचा आणि तिरप्या रेघेचा, बस्स. पण पहिली ओळ बाइंड माउंट आहे आणि दुसरी नेम्ड व्हॉल्यूम. दोन वेगळ्या गोष्टी एकाच कलमाखाली कोंबल्यात, तेव्हा गोंधळणाऱ्याला मी तरी दोष देणार नाही.

बाइंड माउंटमध्ये जागा तुमची असते: डिस्कवरचं तुम्ही सांगाल ते फोल्डर कंटेनरच्या आत जसंच्या तसं दिसतं. नेम्ड व्हॉल्यूममध्ये तुम्ही फक्त नाव देता, जागा डॉकर ठरवतो. लिनक्सवर ती सहसा '/व्हार/लिब/डॉकर/व्हॉल्यूम्स' इथे असते. कंटेनर काढून नवा उभा केला तरी दोन्हींतला डेटा शाबूत राहतो.

मीडियासाठी फार विचार करू नका. चवथीच्या घुमट आरत्या, देवळाच्या उत्सवात गावकऱ्यांनी केलेली नाटकं, लग्नांच्या कॅसेटींवरून उतरवलेले व्हिडिओ. फोंड्या-डिचोलीकडच्या घरांत अशा फाइलींनी भरलेली एखादी यूएसबी डिस्क हमखास सापडते. ती डिस्क उद्या काढून भावाच्या लॅपटॉपला लावावी लागेल, म्हणून बाइंड माउंटच. ओळीच्या शेवटी ':आरओ' जोडलं की कंटेनरला फाइली फक्त वाचता येतात आणि जेलीफिनमधून चुकूनही काही पुसलं जात नाही. मात्र मग पोस्टर आणि माहितीच्या फाइली व्हिडिओशेजारी साठवणंही बंद होतं.

पावसाळ्यात या बाइंड माउंटची एक खोड हटकून दिसते. लाईट जाते, येते, मशीन चालू होतं आणि जेलीफिन रिकामा! यूएसबी डिस्क जागी व्हायला वेळ लागला, तेवढ्यात डॉकरने कंटेनर सुरू केला, आणि त्याला डिस्कच्या जागी असलेलं रिकामं फोल्डर मिळालं. डिस्क नंतर जोडली गेली तरी नेहमीच्या मांडणीत आधीच चालू असलेल्या कंटेनरला ती दिसत नाही. फाइली कुठे गेलेल्या नसतात; कंटेनर रीस्टार्ट केला की सगळं परत येतं. कायमचा उपाय म्हणजे सिस्टिमडीमध्ये (लिनक्सवर सेवा सुरू करणाऱ्या यंत्रणेत) डॉकरच्या सेवेला 'रिक्वायर्स माउंट्स फॉर' ही अट घालून डिस्कचा मार्ग द्यायचा. मग डिस्क जोडली गेल्याशिवाय डॉकर उठतच नाही.

कॉन्फिगचं, म्हणजे जेलीफिनच्या स्वतःच्या मांडणीच्या फोल्डरचं प्रकरण वेगळं. त्यात जेलीफिनचा एसक्यूलाइट डेटाबेस (एका फाइलीत मावणारी नोंदवही) असतो: कोण वापरकर्ते, कोणी काय कुठवर पाहिलं, कुठल्या फाइलीचं काय नाव. इथे नेम्ड व्हॉल्यूमच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे. बाइंड माउंटचं फोल्डर आधी बनवलेलं नसेल तर लिनक्सवर डॉकर ते रूटच्या, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या नावावर बनवतो, आणि जेलीफिन साध्या वापरकर्त्याच्या नावाने चालवत असाल तर तो तिथे लिहू न शकल्याने अडकतो. मॅक किंवा विंडोजवर तर डॉकर एका आभासी यंत्रात चालतो, त्यामुळे त्याच्या आतला व्हॉल्यूम बाइंड माउंटपेक्षा वेगवान ठरतो.

तरीही घरच्या लिनक्स मशीनवर मी कॉन्फिगही बाइंड माउंटवरच ठेवतो. कारण कंपोझ व्हॉल्यूमच्या नावाआधी प्रोजेक्टचं नाव चिकटवतो, आणि वेगळं सांगितलं नसेल तर प्रोजेक्टचं नाव म्हणजे कंपोझ फाइल ज्या फोल्डरात आहे त्याचं नाव. 'जेलीफिन' फोल्डरचं नाव बदलून 'सर्व्हर' केलं, कंटेनर पुन्हा उभा केला, की एक नवाकोरा रिकामा व्हॉल्यूम तयार होतो आणि पडद्यावर 'नवीन वापरकर्ता बनवा' असं स्वागत येतं. जुना व्हॉल्यूम तिथेच असतो, पण ते माहीत नसलेला माणूस सगळं गेलं असं समजून नव्याने मांडायला बसतो. शिवाय कंटेनर काढून टाकणाऱ्या 'कंपोझ डाउन' आज्ञेला 'डॅश व्ही' जोडलं की त्या प्रोजेक्टचे नेम्ड व्हॉल्यूम पुसले जातात. बाइंड माउंटच्या फोल्डरला ही आज्ञा हात लावत नाही.

बॅकअपही बाइंड माउंटवर सोपा: कंटेनर थांबवा, फोल्डर कॉपी करा, पुन्हा सुरू करा. थांबवणं टाळू नका, चालू डेटाबेसची कॉपी अर्धवट निघू शकते. हे फोल्डर मशीनच्याच एसएसडीवर असू द्या. नेटवर्कवरच्या डिस्कवर एसक्यूलाइटचं लॉकिंग (एकाच वेळी दोघांनी लिहू नये म्हणून घातलेलं कुलूप) भरवशाचं नसतं.

उरला कॅशे, म्हणजे जेलीफिनच्या तात्पुरत्या फाइली. तो हरवला तरी जेलीफिन पुन्हा बनवतो, म्हणून तो खुशाल नेम्ड व्हॉल्यूममध्ये टाका आणि बॅकअपमध्ये धरू नका.