युरियाचं पोतं, पेंडीचं पोतं आणि तीन-चार गुंठे घास

कृष्णाकाठी वाळव्याला, पलूसला नाहीतर कराडला कुठल्याही ऊसवाल्याच्या घरी जा, दोन पोती हमखास दिसतात. एक युरियाचं, उसासाठी. दुसरं सरकी पेंडीचं, गाईम्हशींसाठी. एकाचे पैसे ऊसबिलाच्या हिशोबात जातात, दुसऱ्याचे डेअरीच्या बिलातून कापले जातात, त्यामुळे आपण एकच वस्तू दोनदा विकत घेतोय हे ध्यानातच येत नाही. ती वस्तू म्हणजे नत्र, म्हणजे नायट्रोजन. युरियात ते 46 टक्के असतं. आणि पेंड आपण घेतो प्रोटीनसाठी, त्या प्रोटीनमध्येही वजनाच्या साधारण 16 टक्के नत्रच असतं. वरून हवेचा 78 टक्के भाग नत्राचा, म्हणजे रानावर कितीतरी टन नत्र नुसतं तरंगतंय, पण ते तसंच्या तसं ना उसाला घेता येतं ना गाईला.

कारण हवेतल्या नत्राचे दोन अणू एकमेकांना फार घट्ट धरून असतात. ती पकड सोडवायला खताच्या कारखान्यात 400 ते 500 डिग्री तापमान आणि हवेच्या दीडशे-दोनशे पट दाब लागतो. हेच काम लसूणघासाच्या, म्हणजे जनावरांसाठी लावतात त्या द्विदल हिरव्या चाऱ्याच्या, मुळावरची गाठ आपल्या रानातल्या तापमानाला करते, आणि मला तरी शेतीतली ही सगळ्यात भारी गोष्ट वाटते.

एकदा स्वतः बघाच. दोन महिन्यांचा घास खुरप्याने बाजूची माती सैल करून मुळासकट काढा, उपटायचा नाही, नाहीतर गाठी तुटून मातीतच राहतात. बादलीत हळू धुवा. बारीक मुळांवर लांबट, ज्वारीच्या दाण्याहूनही बारीक गाठी दिसतील, काही बोटांसारख्या फुटलेल्या. त्यातली एक नखाने चिरा. आतून गुलाबी निघाली तर काम चालू आहे, पांढरी किंवा हिरवट निघाली तर ती गाठ नत्र देत नाही. हा गुलाबी रंग आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या भाऊबंदाचा. गाठीतल्या रायझोबियम जिवाणूंचं नत्र पकडणारं एन्झाइम ऑक्सिजन लागला की खराब होतं, पण जिवाणूंना जगायला ऑक्सिजन तर पाहिजेच, म्हणून झाड हा लोहयुक्त पदार्थ तयार करून त्यांना ऑक्सिजन मोजूनमापून पोचवतं. बदल्यात झाड साखर देतं आणि नत्र घेतं. 1886 मध्ये जर्मनीत हेलरीगेल आणि विलफार्थ यांनी द्विदल पिकं गाठींच्या जोरावर हवेतलं नत्र घेतात हे दाखवलं, 1888 मध्ये हॉलंडच्या बायरिंकने ते जिवाणू गाठीतून वेगळे काढले. अजून एक, घासाला वरून भरपूर युरिया टाकला तर झाड गाठी करायचंच कमी करतं, आयतं मिळतंय म्हटल्यावर साखर कशाला खर्च करेल. त्याला स्फुरद म्हणजे फॉस्फरस द्या, ते त्याला खरंच लागतं.

आता गव्हाणीत काय पडतं ते बघू. 100 किलो ओल्या लसूणघासात साधारण 80 किलो पाणीच असतं, उरलेल्या 20 किलोत 20 टक्क्यांच्या आसपास प्रोटीन धरलं तर 4 किलो प्रोटीन झालं. सरकी पेंडीत 22 टक्क्यांच्या आसपास प्रोटीन धरा, म्हणजे तेवढ्यासाठी 18 किलो पेंड लागेल. पेंड बंद करा असं म्हणणं नाही, जास्त दूध देणाऱ्या गाईला ऊर्जेसाठी आणि बाकी गोष्टींसाठी खुराक लागतोच, पण प्रोटीनचा मोठा भाग रानातनं येऊ शकतो.

आपल्याकडे तर याची जास्तच गरज आहे, कारण ऊसतोडीच्या हंगामात जनावरं वाढ्यावर, म्हणजे उसाच्या शेंड्याकडच्या हिरव्या पाल्यावर असतात. वाढं फुकटात नाहीतर स्वस्तात मिळतं, गाई आवडीने खातात, पण त्यात प्रोटीन फार कमी आणि ऑक्झलेट भरपूर. हे ऑक्झलेट पोटात कॅल्शियमला धरून बसतं आणि शेणावाटे बाहेर घेऊन जातं. एक लिटर दुधातून गाईचं सव्वा ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम जातं, म्हणजे 15 लिटरच्या गाईचं रोज 18-19 ग्रॅम, आणि ते चाऱ्यातून आलं नाही की ती स्वतःच्या हाडातलं काढते. म्हणून वाढ्यासोबत घास, कारण द्विदल चाऱ्यात कॅल्शियम चांगलं असतं, आणि वर मिनरल मिक्श्चर.

पण कोवळा, दव पडलेला घास उपाशी गाईपुढे भाराभर टाकायचा नाही. त्यातलं प्रोटीन पोटात इतकं झटकन विरघळतं की त्याचा फेस होतो, गॅस त्या फेसात अडकतो, ढेकर बाहेर येत नाही आणि डावी कूस फुगते. पोटफुगीने गाय काही तासांत जाऊ शकते, तेव्हा कूस टम्म दिसली की वाट न बघता डॉक्टरांना फोन करायचा. कापलेला घास थोडा सुकू द्या, आधी कडबा नाहीतर मक्याची कुट्टी पोटात जाऊ द्या, मग घास. बरसीम या दुसऱ्या द्विदल चाऱ्यालाही हेच लागू.

बरेच जण म्हणतात घास लावला की रान सुधारतं. अर्धं खरं आहे. मुळं खोल जातात, कापल्यावर काही मुळं आणि गाठी गळून मातीत राहतात, घास मोडल्यावर पुढच्या पिकाला फायदा होतो. पण पकडलेलं बहुतेक नत्र पानांत असतं आणि पानं तर आपण कापून गोठ्यात नेतो. गाय खाल्लेल्या नत्राचा साधारण पाव भाग दुधात टाकते, बाकी शेणामुताने बाहेर, आणि त्यातला मोठा वाटा मुतात. सकाळी बंद गोठ्यात शिरल्यावर नाक-डोळे चुरचुरतात ना, तो अमोनिया, म्हणजे आपलं नत्र हवेत परत चाललंय. गोठ्याला उतार काढून मूत खड्ड्यात घ्या किंवा खाली पाचट टाकून मुरवा आणि ते उकिरड्यात घाला, तर हवेतलं नत्र घासातून, गाईतून फिरून उसाच्या सरीत पोचतं. हे केलं नाही तर युरियाचं पोतं कमी होणार नाही.

माण, जत, आटपाडीकडचे म्हणतील घासाला पाणी कुठनं आणू. बरोबर आहे, घास पाणी पितो. तिथे बांधावर शेवरी, सुबाभूळ, दशरथ घास हे द्विदलच पण कमी पाण्यावर तगणारे. मिरजेकडे आरग, बेडगच्या पानमळ्यांत वेलीला आधार म्हणून शेवरी पिढ्यान्पिढ्या लावतात, तिचा पाला शेळ्या किती आवडीने खातात हे तिथल्या कुणालाही विचारा. सुबाभळीत मात्र मायमोसीन नावाचा पदार्थ असतो, जास्त झाला की जनावराचे केस गळतात. रेमंड जोन्स नावाच्या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की हवाई बेटांवरची जनावरं सुबाभूळ खाऊनही ठणठणीत आहेत. तिथल्या जनावरांच्या पोटात हे विष पचवणारा जिवाणू निघाला, तो ऑस्ट्रेलियातल्या जनावरांना दिल्यावर तीही सुबाभूळ पचवायला लागली, त्या जिवाणूच्या नावात आता जोन्सचं नाव आहे. आपण साधा नियम पाळायचा, एकूण चाऱ्यात सुबाभूळ एक तृतीयांशाच्या आत ठेवायची.

आणि बागायतवाल्यांनी हिशोब असा धरावा, पाणी आणि निचरा चांगला असेल तर एका गुंठ्यातून वर्षाला टनभर ओला घास निघतो, म्हणजे दिवसाला पावणेतीन किलो. एका गाईला रोज आठ-दहा किलो द्यायचा तर तीन-चार गुंठे पुरे. पाणी साचणाऱ्या चोपण रानात लावू नका, मुळं कुजतात. पेरणी ऑक्टोबर-नोव्हेंबरात, वाण राहुरी विद्यापीठाचा आरएल-88 चालतो. बियाण्याला रायझोबियम लावताना लसूणघासाचंच पाकीट मागा, घरात सोयाबीनचं उरलेलं असेल तर ते इथे चालत नाही, प्रत्येकाचा जिवाणू वेगळा. बी घेताना हातावर पसरून बघा, त्यात अमरवेलाचं, म्हणजे घासावर जगणाऱ्या परजीवी वेलाचं, बारीक, गोलसर, खरबरीत बी मिसळलेलं असू शकतं. तो पिवळा दोरा एकदा वाफ्यात पसरला की तेवढा भाग मुळापासून काढून जाळावा लागतो.