भुलेआधीचा प्रश्न

'घरात कुणाला भूल दिल्यावर त्रास झाला होता का?' नाशिकच्या इस्पितळात मुलाच्या ऑपरेशनआधी भूलतज्ज्ञ हे विचारतातच. निफाडहून पहाटेच्या एसटीने आलेली आई 'नाही' म्हणून मोकळी होते. लेकरू उपाशी आहे, रडतंय. तिचा सगळा जीव तिकडे. पण या प्रश्नामागे एका घरातले दहा मृत्यू आहेत.

मेलबर्नमध्ये एका २१ वर्षांच्या विद्यार्थ्याचा पाय मोडला. पायापेक्षा त्याला धास्ती भुलेची होती, कारण त्याचे दहा नातेवाईक ईथरच्या भुलेत दगावले होते. म्हणून डॉक्टरांनी ईथरऐवजी हॅलोथेन हे तेव्हा नवं असलेलं भुलेचं औषध दिलं. थोड्याच वेळात रक्तदाब कोसळला, नाडी धावू लागली, अंग भाजू लागलं. भूल तातडीने थांबवून त्याला बर्फात ठेवलं आणि तो वाचला. डेनबरो आणि लव्हेल या डॉक्टरांनी १९६० मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाला पत्र लिहून हे कळवलं. भुलेच्या औषधाने अंग असं तापण्याचा हा दोष (मॅलिग्नंट हायपरथर्मिया) आनुवंशिक आहे हे जगाला कळलं ते त्या मुलाने आपली भीती बोलून दाखवली म्हणून, असं मला मनापासून वाटतं. त्यावरचं औषध, डँट्रोलीन, १९७५ मध्ये हॅरिसन यांनी डुकरांवर तपासलं. दोषाचं जनुक १९९० मध्ये सापडलं.

लहान मुलांच्या बाबतीत आणखी एक धडा १९९०च्या दशकात मिळाला. वरून धडधाकट दिसणाऱ्या मुलांना स्कोलीन हे भुलेवेळी स्नायू ढिले करणारं औषध दिलं आणि काहींचं हृदय थांबलं. त्यांना ड्यूशेन हा स्नायूंचा आजार होता, पण त्याचं निदानच झालेलं नव्हतं. स्नायूंमधलं पोटॅशियम एकदम रक्तात उतरलं होतं. तेव्हापासून मुलांना स्कोलीन सरसकट देणं थांबलं.

सुरगाणा, पेठ, कळवणकडच्या मुलांमध्ये सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो. त्याला आपल्याकडे दुर्मीळ म्हणायची सोय नाही. अशा मुलाला थंडगार थिएटरमध्ये उबेत ठेवावं लागतं, पाणी आणि ऑक्सिजन कमी पडू द्यायचा नसतो.

ड्यूशेनचा दोष बहुतेक वेळा आईकडून मुलाकडे येतो. म्हणून नुसतं 'भुलेचा त्रास' न विचारता 'मुलाच्या मामाचं चालणं कसं होतं?' असंही विचारावं. मग बाकावर बसलेली आजी बोलू लागते: थोरला खाली बसला की गुडघ्यांवर हात टेकून उठायचा, बाराव्या वर्षी चालणंच सुटलं.