क्यूबन बॉक्सरची खरी ताकद पायांत

13 एप्रिल 2013 रोजी न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलमध्ये फिलिपिन्सच्या नोनितो दोनेअरसमोर क्यूबाचा गियेर्मो रिगोन्दो उभा होता. दोनेअरच्या डाव्या हुकने, म्हणजे बाजूने वळून येणाऱ्या ठोशाने, तोवर भलेभले आडवे झाले होते. रिगोन्दोकडे ऑलिम्पिकची दोन सुवर्णपदकं होती, पण व्यावसायिक लढती जेमतेम अकरा. दहाव्या फेरीत तो एकदा खालीही पडला, तरी बारा फेऱ्यांनंतर तिन्ही परीक्षकांनी कौल त्यालाच दिला. अनेकांना ही लढत कंटाळवाणी वाटली. मला मात्र ती आजही पुन्हा पुन्हा पाहावीशी वाटते. हुक सुटायचा तेव्हा रिगोन्दोचा मागचा पाय वीतभर सरकलेला असायचा, खांदा किंचित वळलेला असायचा आणि ठोसा हनुवटीसमोरून निघून जायचा. लगेच त्याचा सरळ डावा हात आत.

हे नुसत्या चपळाईने साधत नाही. काही दिसल्यापासून स्नायू हलायला लागेपर्यंत माणसाला साधारण 0.2 सेकंद लागतात, आणि जवळून मारलेला जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा झटपट सरळ ठोसा, जवळपास तेवढ्याच वेळात तोंडावर आदळतो. मूठ निघालेली पाहून हलायचं ठरवलं तर उशीर झालेलाच असतो. म्हणून कसलेला बॉक्सर समोरच्याचा खांदा, कंबर आणि पायांवरचा भार वाचतो. वेगवान गोलंदाजाचं मनगट पाहून चेंडू ओळखणारा फलंदाजही हेच करतो. क्यूबन बॉक्सर त्यात अंतराची भर घालतात. अर्धं पाऊल जास्त लांब राहिलं की प्रतिस्पर्ध्याला पुढे आल्याशिवाय मारताच येत नाही. ते पाऊल आधी दिसतं, आणि सेकंदाचा तेवढा अंश पदरात पडतो.

मारण्याचं गणितही पायांपासूनच सुरू होतं. 1985 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका सोव्हिएत अभ्यासात मुरलेल्या बॉक्सरच्या ठोशात पायांचा वाटा सुमारे 38 टक्के आणि हाताचा 24 टक्के आढळला. नवशिक्यांमध्ये हाताचा वाटा 38 टक्के, तर पायांचा जेमतेम 17! अशा सोव्हिएत ज्ञानाचा क्यूबाला थेट फायदा झाला होता. 1959 च्या क्रांतीनंतर तिथे सोव्हिएत प्रशिक्षक आले, आणि क्यूबन प्रशिक्षक अल्सिदेस सागार्राने त्यांची शिस्त क्यूबन लयीत मुरवली.

लय मात्र त्याआधीपासूनची. किड चॉकलेट 1931 मध्येच क्यूबाचा पहिला विश्वविजेता झाला होता. 1951 मध्ये वेल्टरवेट वजनगटात विश्वविजेता झालेला किड गाव्हिलान लहानपणी उसाच्या फडात राबलेला. त्याचा प्रसिद्ध ‘बोलो’ ठोसा कोयत्याच्या वारासारखा खालून गोल फिरून यायचा. समोरच्याची नजर त्या गोलामागे गेली, की दुसरा हात मोकळा. लक्ष एका वेळी एकाच ठिकाणी नीट राहतं, याचा इतका चोख वापर रिंगमध्ये फार थोड्यांनी केला असेल.

1962 मध्ये क्यूबाने व्यावसायिक खेळावर बंदी घातली. ‘लोणी’ या टोपणनावाचा होसे नापोलेस मेक्सिकोला गेला आणि 1969 मध्ये विश्वविजेता झाला. मायदेशात राहिलेल्यांचं सगळं कसब हौशी बॉक्सिंगमध्ये एकवटलं. त्यात 1992 च्या बार्सिलोना ऑलिम्पिकपासून संगणकी गुणपद्धत आली. पाचपैकी तीन परीक्षकांनी एका सेकंदाच्या आत बटण दाबलं तरच गुण. अशा पद्धतीत लांबून मारलेला, स्वच्छ दिसणारा सरळ ठोसा सोन्याच्या मोलाचा ठरतो आणि जवळच्या झटापटीतला बरगड्यांवरचा मारा वाया जातो. त्या वर्षी क्यूबाने बारापैकी सात सुवर्णपदकं जिंकली.

देश सोडून व्यावसायिक रिंगमध्ये आलेल्यांना मात्र नेमकं हेच जड गेलं. इथे बरगड्यांवरचे ठोसे फेरीगणिक दम काढतात आणि पुढे चालून येणाऱ्याकडे परीक्षकांचा कल असू शकतो. शिवाय पाय सतत हलते ठेवायला ऊर्जा लागते. तीन फेऱ्यांना पुरणारा वेग बाराव्या फेरीपर्यंत टिकत नाही. लंडन आणि रिओचा सुवर्णविजेता रोबेइसी रामिरेस 2019 मध्ये आपल्या पहिल्याच व्यावसायिक लढतीत खाली पडला आणि हरलाही. मग तो इस्माएल सालास या क्यूबन प्रशिक्षकाकडे गेला. पावलं तीच राहिली, पण आता तो योग्य क्षणी थांबून, पाय रोवून मारू लागला. एप्रिल 2023 मध्ये आयझॅक डॉगबोला हरवून त्याने फेदरवेटचा विश्वकिताब मिळवला. त्याच्या आदल्याच वर्षी क्यूबाने आपल्या बॉक्सरना व्यावसायिक लढतींची परवानगी दिली होती, तब्बल साठ वर्षांनी.