मधुमेह, तरुण वयातील : मेंदूवरील परिणाम

वयाच्या साधारण चाळिशीच्या आत जडलेल्या मधुमेहामुळे स्मरण, अवधान, विचाराचा वेग व निर्णयक्षमता यांत होणारे बदल. ते बहुधा सौम्य असतात, रोजच्या कामात चटकन जाणवत नाहीत. मात्र लवकर जडलेला रोग अधिक वर्षे सोबत राहतो, म्हणून त्यांना साचायला अवधी मिळतो. ब्रिटनमधील ‘व्हाइटहॉल २’ पाहणीच्या २०२१ मधील निष्कर्षांनुसार मधुमेह जितका लवकर जडला, तितका उतारवयातील स्मृतिभ्रंशाचा धोका अधिक आढळला. दर पाच वर्षांमागे ही वाढ सुमारे २४ टक्के होती.

हानी नेमकी कशाने होते, हा जुना वाद आहे. मधुमेही व्यक्तींच्या मानसिक चाचण्यांचा पहिला महत्त्वाचा अभ्यास माइल्स व रूट यांचा (१९२२) मानतात. इन्शुलिनचा वापर तेव्हा जेमतेम सुरू होत होता. पुढे हा उपचार रूढ झाल्यावर संशयाचा रोख इन्शुलिनमुळे रक्तातील साखर फार उतरण्याकडे वळला. त्यास आधारही होता : मेंदू शरीराच्या वजनाच्या सुमारे २ टक्के असून विश्रांतीतही सुमारे २० टक्के ऊर्जा वापरतो आणि ग्लुकोजचा (रक्तातील याच साखरेचा) साठा जवळजवळ ठेवत नाही. तथापि १३ ते ३९ वर्षांच्या पहिल्या प्रकारच्या मधुमेहाच्या (ज्यात शरीरात इन्शुलिन जवळजवळ तयार होत नाही) १,४४१ रुग्णांवर अमेरिका व कॅनडात १९८३ पासून झालेल्या चाचणीच्या सुमारे १८ वर्षांच्या पाठपुराव्यात (२००७) साखर तीव्रपणे उतरण्याचा बुद्धीच्या ऱ्हासाशी संबंध दिसला नाही. दीर्घकाळ चढ्या राहिलेल्या साखरेचा मात्र हालचालीच्या वेगाशी दिसला. ३२ वर्षांनंतर, रुग्ण साठीकडे झुकल्यावर, चढी साखर, तीव्र उतार व वाढलेला रक्तदाब हे तिन्ही घटक दोषी ठरले. त्यामुळे एकाच कारणावर बोट ठेवण्यापेक्षा त्यांचा एकत्रित, वर्षानुवर्षे साचणारा परिणाम मानणे अधिक सयुक्तिक वाटते. दुसऱ्या, अधिक आढळणाऱ्या प्रकारच्या मधुमेहात बारीक रक्तवाहिन्यांची हानी व इन्शुलिनला मिळणारा अपुरा प्रतिसाद यांची भर पडते. मेंदूत इन्शुलिनचे ग्राही (त्याचा संदेश टिपणारे पेशींवरील रेणू) असतात, हे १९७८ मध्ये दाखवले गेले. अल्झायमर रोगास ‘तिसऱ्या प्रकारचा मधुमेह’ म्हणण्याची सूचना २००५ च्या सुमारास पुढे आली; ती सर्वमान्य नाही.

मेंदूच्या प्रतिमांत हिप्पोकॅम्पस या स्मरणाशी निगडित भागाचे आकारमान घटलेले व श्वेतद्रव्यात (मेंदूचे भाग जोडणाऱ्या तंतूंत) बदल झालेले आढळतात. हे निष्कर्ष मुख्यतः वयस्क रुग्णांवरील आहेत.

कोल्हापूर परिसरात ‘साखर बंद केली, आता गुळाचाच चहा’ असे सर्रास ऐकू येते. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले असले, तरी गूळही मुख्यतः सुक्रोजच, म्हणजे साखरच आहे आणि तोही रक्तातील साखर चढवतो. शिरोली किंवा गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहतीत पाळीत काम करणाऱ्या तरुणाने इन्शुलिन घेऊन जेवण चुकवल्यास साखर ७० मिग्रॅ./डेसिलिटरखाली जाऊन घाम, थरथर सुरू होते. ५४ खाली मेंदूचे काम बिघडू लागते, बोलणे अडखळते, गोंधळ उडतो. बघणाऱ्यांना तो दारू प्यायलेला वाटतो आणि तातडीची मदत हुकते, ही गोष्ट फार गंभीर आहे. शुद्धीवर असेल, तर लगेच साखरेचे पाणी द्यावे. बेशुद्धाच्या तोंडात काहीही घालू नये, त्याला तत्काळ रुग्णालयात न्यावे. तालमीत जोर-बैठका मारणाऱ्या, इन्शुलिन घेणाऱ्या मुलांची साखर व्यायामानंतर काही तासांनी, झोपेतही उतरू शकते. म्हणून निजण्यापूर्वी ती तपासणे आवश्यक असते.