सिगरेट सोडायला व्हेप? सगळा खेळ निकोटीनच्या वेगाचा

‘व्हेप म्हणजे नुसती पाण्याची वाफ’ असं कॉलेजातली पोरं ई-सिगरेटबद्दल सांगतात. ‘व्हेप सिगरेटपेक्षाही घातक’ असं व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं. दोन्ही चूक आहे. निकोटीन आणि धूर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे लक्षात न घेतल्यामुळे हा घोळ होतो. लंडनमधले मानसोपचारतज्ज्ञ मायकेल रसेल यांनी 1976 मध्येच लिहून ठेवलं होतं की माणसं सिगरेट ओढतात निकोटीनसाठी, पण मरतात डांबरामुळे (म्हणजे ‘टार’, धुरातला चिकट काळा अंश).

झुरका घेतला की सिगरेटचं जळतं टोक 900 अंश सेल्सिअसच्या आसपास जातं. त्या आगीत तंबाखूच्या पानाची मोडतोड होऊन सात हजारांहून जास्त रसायनं तयार होतात, त्यातली सत्तरच्या आसपास कॅन्सरकारक. शिवाय कार्बन मोनॉक्साइड. तो हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून घट्ट चिकटतो. निकोटीन व्यसन लावतं, नाडी आणि रक्तदाब वाढवतं, पोटातल्या बाळाला आणि वाढत्या वयातल्या मेंदूला अपाय करतं. पण फुप्फुसाच्या कॅन्सरचं खापर त्याच्यावर फोडता येत नाही.

व्हेपमध्ये काही जळत नाही. बॅटरीवर एक तार तापते आणि प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, स्वाद आणि निकोटीन यांच्या द्रवाचे अतिसूक्ष्म थेंब हवेत मिसळतात. ही पाण्याची वाफ नव्हे. तार जास्त तापली तर फॉर्माल्डिहाइड तयार होतं, धातूंचे अंशही सापडतात. तरीही धुराच्या तुलनेत हा मामला बराच सौम्य आहे. किती सौम्य? ‘95 टक्के कमी हानिकारक’ हा आकडा ब्रिटनच्या सार्वजनिक आरोग्य विभागाने 2015 मध्ये उचलून धरला आणि तेव्हापासून तो जाहिरातीसारखा वापरला जातो. मुळात तो तज्ज्ञांच्या एका गटाचा अंदाज होता, मोजमाप नव्हतं. होन लिक या चिनी औषधतज्ज्ञाने आजच्यासारखी ई-सिगरेट बनवली ती 2003 मध्ये. सिगरेटचा कॅन्सर उमटायला त्याहून जास्त वर्षं लागतात, त्यामुळे इतका नेमका आकडा आज कुणीच छातीठोकपणे सांगू नये.

आता मला या विषयात सगळ्यात जास्त भावणारी गोष्ट. व्हेप का चालतं आणि का बिघडवतं, दोन्ही तीच सांगते.

निकोटीनच्या रेणूत नायट्रोजनचे दोन अणू असतात. त्यातला एक आजूबाजूला आम्ल असलं की हायड्रोजनचा एक आयन (म्हणजे प्रोटॉन) पकडतो आणि सगळा रेणू धनभारित होतो. आम्ल कमी झालं की तो प्रोटॉन सुटतो आणि रेणू मोकळा, भाररहित होतो. आपल्या पेशींची पटलं स्निग्ध पदार्थांची. तेलात मीठ विरघळत नाही, तसा भारित रेणू त्या पटलातून जाऊ शकत नाही. भाररहित निकोटीन मात्र सहज पार होतं. सीमारेषा आहे सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कली मोजायचा आकडा; तो जितका कमी तितकं आम्ल जास्त) 8. तिथे निम्मं निकोटीन मोकळं असतं. सामू 9 केला तर नव्वद टक्के मोकळं, रक्ताच्या 7.4 सामूला साधारण वीस टक्के, आणि सामू 6 वर जेमतेम एक टक्का. सामू एका अंकाने बदलला की भारित-मोकळ्याचं गुणोत्तर दहा पटींनी बदलतं, म्हणून ही घसरण इतकी तीव्र.

तंबाखू मळणाऱ्याचा हात आठवा. डाव्या तळव्यावर तंबाखू, त्यावर डबीतल्या चुन्याचं बोट, मग अंगठ्याने दाबून मळणं, दोन थापा मारून भुकटी उडवणं आणि खालच्या ओठामागे बार भरणं. चुना कडक अल्कली. त्याने निकोटीन मोकळं होतं आणि तोंडाच्या अस्तरातून थेट रक्तात शिरतं. नुसती तंबाखू ‘लागत नाही’ ती यामुळेच. सिगारचा धूरही अल्कधर्मी असतो, म्हणून सिगारवाल्याला तो आत ओढावा लागत नाही.

सिगरेटचं उलट आहे. तिचा धूर किंचित आम्लधर्मी, सामू 6 च्या आसपास. तोंडात तो फारसा शोषला जात नाही, पण घशाला कमी बोचतो, म्हणून खोल ओढता येतो. फुप्फुसात पोचल्यावर तिथल्या ओलाव्याचा सामू 7.4. तिथे निकोटीन मोकळं होऊ लागतं, जेवढं पार होतं त्याची जागा भारितातून भरून निघते, आणि शोषायला वायुकोशांचं अफाट क्षेत्रफळ तयारच असतं. तिथून रक्त हृदयाच्या डाव्या बाजूला आणि लगेच मेंदूकडे. दहा ते वीस सेकंदांत निकोटीन तिथल्या अल्फा-4-बीटा-2 ग्राहींवर (निकोटीन पकडणाऱ्या प्रथिनांवर) बसतं आणि डोपामिन हे मेंदूतलं बक्षिसाचं रसायन सुटतं. झुरका आणि बक्षीस यांची गाठ मेंदू मारतो ती या वेगामुळे. तेच निकोटीन चामडीवरच्या पॅचमधून तासन्‌तास झिरपलं तर तलफ शमते, पण झुरक्याची सवय जागच्या जागी राहते.

व्हेप ही सवयही सांभाळतं, म्हणून सोडायला मदत करतं. ब्रिटनच्या सरकारी धूम्रपानमुक्ती केंद्रांत 886 जणांवर झालेला आणि 2019 मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग बघा. एका गटाला निकोटीनचा गम (चघळायची गोळी), पॅच वगैरे, दुसऱ्याला ई-सिगरेट, समुपदेशन दोघांनाही. वर्षाने सिगरेटमुक्त किती, हे श्वासातला कार्बन मोनॉक्साइड मोजून पडताळलं. पहिल्या गटात 9.9 टक्के, व्हेपच्या गटात 18 टक्के. जवळपास दुप्पट. पण सुटलेल्यांपैकी व्हेपच्या गटात 80 टक्के लोक वर्षाने अजून व्हेप ओढत होते. गम-पॅचवाल्यांत 9 टक्केच. सिगरेट सुटली, निकोटीन नाही. आणि सिगरेट व व्हेप दोन्ही सोबत चालू ठेवण्यात तर फार हशील नाही, कारण हृदयविकाराचा वीस सिगरेटींमुळे जेवढा जादा धोका असतो त्याच्या निम्म्याच्या आसपास धोका दिवसाला एका सिगरेटीनेही येतो.

हाच वेग पोरांच्या मुळावर आला. सुरुवातीच्या व्हेपमध्ये मोकळं निकोटीन असायचं. ते जास्त घातलं की घसा सोलवटायचा, त्यामुळे आपोआप मर्यादा पडायची. 2015 मध्ये अमेरिकेत आलेल्या ‘जूल’ या व्हेपने द्रवात बेंझोइक आम्ल मिसळलं. सामू उतरला, घशाची बोच गेली आणि पाच टक्के निकोटीन सुखासुखी ओढता येऊ लागलं. 2019 मध्ये अमेरिकेतल्या हायस्कूलच्या 27.5 टक्के मुलांनी मागच्या महिनाभरात व्हेप ओढल्याचं सांगितलं. (त्याच वर्षी तिथे व्हेपने फुप्फुसं निकामी होऊन माणसं दगावली, ती मुख्यतः गांजाच्या अर्काच्या काळ्या बाजारातल्या द्रवांत मिसळलेल्या व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेटमुळे.)

भारतात 2019 च्या कायद्याने ई-सिगरेटचं उत्पादन, आयात, विक्री, साठा, जाहिरात सगळं बंद आहे. साठा सोडून बाकीच्यांत पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. तेव्हा कॉलेजबाहेर चोरून मिळणाऱ्या व्हेपमध्ये काय भरलंय याची जबाबदारी कुणाचीच नाही, आणि त्याच्या भरवशावर सिगरेट सोडायला जाऊ नये. ‘हर्बल’ सिगरेटच्याही नादी लागू नये. तुळस जाळा नाहीतर लवंग, डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड होणारच. फुप्फुसं धुऊन काढणारे काढे विकतात ती तर सरळ फसवणूक. काढा पोटात जातो, फुप्फुसात नाही.

शिवाय आपल्याकडचं दुखणं मुळात वेगळं आहे. 2016-17 च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ होते 3.8 टक्के, धूरविरहित तंबाखू खाणारे, मिश्री लावणारे 24.4 टक्के. तिथे धूर नसतो, पण पान सुकवता-मुरवताना तयार झालेली नायट्रोसअमाइन्स नावाची रसायनं तोंडाचा कॅन्सर करायला पुरतात. यातल्या कुणाला व्हेपचा काय उपयोग? त्यांना आणि सिगरेटवाल्यांनाही कायदेशीर, तपासलेला मार्ग आहे तो गम आणि पॅचचा. एकटा गम किंवा एकटा पॅच वापरण्यापेक्षा दोन्ही मिळून जास्त यश येतं. 1800-11-2356 या राष्ट्रीय क्विटलाइनवर फुकट समुपदेशनही मिळतं.

निकोटीन गम स्वीडनमधला. पाणबुडीत सिगरेट ओढता येत नाही तेव्हा खलाशी तंबाखू चघळतात, हे कळल्यावर ओव्ह फर्नो या रसायनशास्त्रज्ञाने 1967 नंतर त्यावर काम सुरू केलं. नुसतं निकोटीन घालून भागेना, म्हणून त्याने गममध्ये सामू वाढवणारे क्षार घातले. आजच्या गममध्येही सोडियम कार्बोनेट असतं, आणि ते चुन्याचंच काम करतं, फक्त अस्तर न भाजता. आपल्याकडे ‘गम खाल्ला, काही फरक पडला नाही’ असं म्हणणारे बरेच जण गम चिंगमसारखा चावतात. लाळेबरोबर निकोटीन पोटात जातं, उचकी लागते, आणि जे शोषलं जातं त्यातलं बरंचसं यकृत वाटेतच मोडून टाकतं. गम सावकाश चावायचा, जिभेला चुरचुरलं की गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून द्यायचा, चुरचुर ओसरली की पुन्हा चावायचा, असं अर्धा तास. चहा, कॉफी, सरबत, कोला यांनी तोंडाचा सामू उतरतो आणि निकोटीन भारित होऊन अडकतं. म्हणून चहा आधी प्यायचा, पंधरा मिनिटं थांबायचं, मग गम तोंडात टाकायचा.