फिरंगी, फ्रँकिंग आणि गेलेलं मत

भाडेकराराला फ्रँकिंग करून आणायचं, वडापावची फ्रँचायझी घ्यायची आणि मित्राला 'फ्रँकली सांगतो' म्हणून सुनवायचं. हे तिन्ही शब्द एकाच घरातले. मताधिकार काढून घेणे या अर्थाचा 'डिसेन्फ्रँचाइझ' हा जिभेला पीळ पाडणारा इंग्रजी शब्दही त्यांचाच भाऊबंद.

मूळपुरुष म्हणजे फ्रँक नावाची जर्मानिक टोळी. 486 साली त्यांचा राजा क्लोविस याने गॉलमधल्या अखेरच्या रोमन सत्ताधीशाला हरवलं आणि त्या मुलखाला पुढे फ्रान्स हे नाव पडलं. जेते फ्रँक, बाकीची रयत. पुरती मोकळीक फक्त जेत्यांना, म्हणून जुन्या फ्रेंचमध्ये 'फ्रँक' याचा अर्थच 'मोकळा' होऊन बसला. त्यावरून 'फ्रँचाइझ' म्हणजे मोकळीक, सूट, सनद. टपाल माफ असलेल्या पत्रावरची सही म्हणजे 'फ्रँक'. आज आपण पैसे मोजून फ्रँकिंग करतो, ही गंमत निराळी.

पंधराव्या शतकातल्या इंग्रजीत 'डिसफ्रँचाइझ' होणं म्हणजे नगराच्या नागरिकत्वाचे हक्क जाणं. 'फ्रँचाइझ' म्हणजे मताधिकार हा अर्थ अठराव्या शतकाच्या अखेरीस रुळला. 'डिसेन्फ्रँचाइझ'मधला 'एन' हा 'हक्क बहाल करणे' या अर्थाच्या 'एन्फ्रँचाइझ'मधून आला. म्हणजे आधी दिलं, मग काढून घेतलं, असा सगळा इतिहास एकाच शब्दात.

हेच नाव पूर्वेकडेही निघालं. क्रुसेडच्या काळात अरब सगळ्याच पश्चिम युरोपीयांना 'इफ्रंज' म्हणत. फारसीत त्याचं 'फरंगी' झालं आणि मराठीत पोर्तुगीज 'फिरंगी' ठरले. मराठ्यांच्या हातातली सरळ, विलायती पात्याची तलवारही फिरंगच. तिकडे ज्या नावाचा अर्थ 'मोकळा' झाला, त्याचाच इकडे 'परका' झाला. शब्दांना पासपोर्ट लागत नाही, हे बरंच आहे.

'फ्रँचाइझ' हा शब्द मुंबईतही गाजला. 27 जानेवारी 1919 रोजी डॉ. आंबेडकरांनी साउथबरो समितीपुढे साक्ष दिली. ती समिती नेमली होती मताधिकार कोणाला द्यायचा हे ठरवायला; तिचं नावच 'फ्रँचाइझ कमिटी'. तेव्हा मत होतं ते मालमत्ता, शिक्षण असल्या अटींत बसणाऱ्या मूठभरांना. अस्पृश्यांना मत आणि प्रतिनिधित्व मिळावं, अशी आंबेडकरांची मागणी होती. सनद, सूट हा जुना अर्थ तेव्हाही पुरता पुसलेला नव्हता, असं मला वाटतं.

आजच्या कायद्यात 1951च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम 62(5) आहे. तुरुंगात असलेल्याला मत देता येत नाही, मग तो कच्चा कैदी का असेना. जामिनावर बाहेर असलेला मात्र देऊ शकतो. प्रतिबंधक स्थानबद्धतेतल्यांना त्यातून सूट आहे.

मराठीत 'डिसेन्फ्रँचाइझ'ला एकशब्दी क्रियापद नाही. कागदोपत्री 'मताधिकारापासून वंचित' लिहितात. मतदान केंद्राबाहेरच्या टेबलावर यादीत बोट फिरवणारा कार्यकर्ता मात्र मान वर न करता म्हणतो, "काका, तुमचं नाव उडालंय."