चौथ्या पाइपाच्या पुढचा ठोकळा

जुन्या मारिओ व्हिडिओ गेमची पहिली स्टेज. चौथा हिरवा पाइप ओलांडला आणि अंगठ्यानं आपण होऊन बटण दाबलं. समोर ना वीट होती, ना शत्रू, आणि खड्डा तर अजून लांब होता. मारिओनं रिकाम्या आभाळाला डोकं आपटलं, ठक् झालं, हवेत एक ठोकळा उमटला आणि त्यातून हिरवा मश्रूम बाहेर आला. फुकटची लाइफ!

पाच मिनिटं आधी कुणी विचारलं असतं, की पहिल्या स्टेजमधली लपवलेली लाइफ कुठे असते, तर मला सांगता आलं नसतं. अशी काही लाइफ असते हेच मी विसरले होते. शेवटचं खेळून पंचवीसेक वर्षं झाली असतील. अंगठ्याच्या मात्र सगळं ध्यानात होतं.

‘सुपर मारिओ ब्रदर्स’ १९८५ सालचा. गेमचा प्रोग्रॅम ३२ किलोबाइटचा, चित्रं ८ किलोबाइटची; म्हणजे अख्खं जग ४० किलोबाइटमध्ये. आज मोबाइलवर काढलेला एखादा साधा फोटोही याच्या कितीतरी पट मोठा असतो. जागेची इतकी ओढाताण, की आभाळातले ढग आणि जमिनीवरची झुडपं हे एकच चित्र आहे. वर पांढरं रंगवलं, खाली हिरवं. लहानपणी हे एकदाही लक्षात आलं नव्हतं. आता त्यापलीकडे काही दिसत नाही.

या ४० किलोबाइटमधला एक ठिपकाही इतक्या वर्षांत बदललेला नाही. त्यामुळे आज खेळताना काही वेगळं वाटलं, तर फरक एकतर टीव्हीत पडलाय नाहीतर माझ्यात. कुठला फरक कुणाच्या खात्यावर टाकायचा, एवढाच प्रश्न.

अंगठ्याचं कोडं तसं जुनं आहे. १९५३ साली अमेरिकेत हेन्री मोलायसन या तरुणाच्या मेंदूवर फिट्स थांबवण्यासाठी शस्त्रक्रिया झाली आणि दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा (नवीन आठवणी साठवायला लागणाऱ्या अवयवाचा) मोठा भाग काढून टाकला गेला. फिट्स कमी झाल्या, पण नवीन घडलेलं काही मनात टिकेनासं झालं. ब्रेंडा मिल्नर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी त्यांना एक काम दिलं. कागदावर दुहेरी रेघेची चांदणी, आणि हात व कागद फक्त आरशात बघत त्या दोन रेघांच्या मधून पेन्सिल फिरवायची. करून बघा, पहिल्या खेपेला पेन्सिल भलतीकडेच पळते. मोलायसन यांचंही तेच झालं. तिसऱ्या दिवशी मात्र ते सफाईनं चांदणी काढत होते, आणि आपण हे आधी कधी केलंय याचा त्यांना पत्ताही नव्हता. म्हणजे ‘काय घडलं’ याची आठवण एकीकडे आणि ‘कसं करायचं’ याची आठवण दुसरीकडे. दुसरीचा कारभार बऱ्याच अंशी बेसल गँग्लिया आणि अनुमस्तिष्क हे मेंदूचे भाग बघतात. सायकल, पोहणं, टायपिंग सगळं तिथलं. आणि चौथ्या पाइपानंतरची उडीही तिथलीच.

‘टेट्रिस’ या पडणारे ठोकळे रचायच्या गेमवरचा एक प्रयोग तर याहून गमतीचा आहे. रॉबर्ट स्टिकगोल्ड आणि सहकाऱ्यांनी २००० साली तो प्रसिद्ध केला. स्मृतिभ्रंश झालेल्या पाच जणांना त्यांनी हा गेम खेळायला लावला. आपण काही खेळलो हे त्यांना आठवत नव्हतं, तरी त्यांतल्या तिघांना झोप लागता लागता डोळ्यांपुढे ठोकळे पडताना दिसले.

बरं, अंगठा एवढा हुशार, तर मग मी त्याच स्टेजमध्ये तीनदा का मेले? उडी प्रत्येक वेळी जरा उशिरा. पहिला संशय वयावर गेला, आणि तो अगदीच खोटा नाही. २०१४ साली ‘स्टारक्राफ्ट २’ हा कॉम्प्युटर गेम खेळणाऱ्या १६ ते ४४ वयाच्या ३,३०५ जणांच्या खेळाच्या नोंदी तपासल्या गेल्या. नवीन काही नजरेला पडल्यापासून हात हलेपर्यंत जाणारा वेळ चोविसाव्या वर्षाच्या सुमारासच वाढायला लागतो असं त्यात दिसलं. चोविसाव्या! (थोरली मंडळी सोप्या युक्त्या आणि शॉर्टकट वापरून बरीच भरपाई करतात असंही त्यात आहे. ते मी दोनदा वाचलं.)

पण खरा चोर टीव्ही निघाला. जुन्या डबा टीव्हीत इलेक्ट्रॉनचा झोत काचेच्या आतल्या बाजूवर डावीकडून उजवीकडे, ओळीमागून ओळ फिरायचा. कॅसेटमधून सिग्नल निघाला, की तो तसाच्या तसा पडद्यावर उमटायचा; मध्ये थांबा नाही. आजचा सपाट टीव्ही आधी आख्खं चित्र साठवतो, ते मोठं करतो, रंग सुधारतो, हालचाल गुळगुळीत करतो आणि मग दाखवतो. या साफसफाईत सेकंदाचा दहावा भाग सहज जाऊ शकतो. मारिओचं जग सेकंदाला ६० चित्रं या वेगानं चालतं, म्हणजे सहा चित्रं गेली. पळणारा मारिओ दर चित्रात सुमारे अडीच ठिपके पुढे सरकतो. सहा गुणिले अडीच, पंधरा. एक वीट सोळा ठिपक्यांची. थोडक्यात, मला जो मारिओ दिसत होता तो होता त्याच्या जवळजवळ एक वीट मागे. अंगठा जुन्या हिशोबानं बरोबर वेळेवर दाबत होता. खड्डा लवकर येत होता. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘गेम मोड’ सापडला. तो लावला की साफसफाई बरीचशी बंद होते. पुढच्याच डावात स्टेज पार!

चित्र भकास दिसतं, ही तक्रारही टीव्हीकडेच जाते. डबा टीव्हीवर शेजारशेजारचे ठिपके एकमेकांत थोडे मिसळायचे, कडा मऊ व्हायच्या, दोन ओळींमध्ये बारीक काळोखी फट राहायची. चित्रकारांना हे ठाऊक होतं आणि ते त्याचा फायदा घ्यायचे. १९९१ च्या ‘सॉनिक’ या गेममधला धबधबा म्हणजे नुसत्या उभ्या रेघा आहेत, जुन्या वायरीतून आलं, की त्या विरघळून पारदर्शक पाणी व्हायचं. आज त्या रेघाच दिसतात. शिवाय मारिओच्या चित्राची उंची २४० ओळी आणि फुल एचडी पडद्याची १०८०. भागाकार येतो साडेचार. अर्धा ठिपका पडद्यावर दाखवता येत नाही, म्हणून मग काही ओळी जाड होतात, काही बारीक, नाहीतर सगळंच गढूळ.

बंदुकीचं तर पार बारा वाजले. टीव्हीवर प्लास्टिकची बंदूक रोखून बदकं मारायचा गेम आठवत असेल. लहानपणी वाटायचं, बंदूक काहीतरी सोडते. ती काहीच सोडत नव्हती, बघत होती! चाप ओढला की पडदा क्षणभर काळा व्हायचा आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन चमकायचा. बंदुकीच्या नळीतल्या सेन्सरला नेमक्या त्या क्षणी उजेड दिसला, तर नेम लागला. सपाट टीव्हीवर तो चौकोन उशिरा येतो, तोवर बंदुकीनं ‘नेम चुकला’ असा निकाल देऊन टाकलेला असतो. नेमबाज कितीही चांगला असो.

एवढं टीव्हीच्या माथी मारल्यावर आपल्या डोक्यात काय उरतं, तर पोकेमॉन. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ साली, लहानपणी भरपूर पोकेमॉन खेळलेल्या प्रौढांच्या मेंदूचे स्कॅन काढले. पोकेमॉनची चित्रं दाखवली की सगळ्यांच्या मेंदूत एकाच ठरावीक वळीमधला भाग जोरात प्रतिसाद देत होता. न खेळलेल्यांमध्ये तसं होत नव्हतं. सगळ्यांची जागा तीच का? कारण हा गेम हातात धरायच्या छोट्या यंत्रावर खेळायचे आणि त्याचा पडदा इवलासा. चित्र नेहमी नजरेच्या अगदी मध्यावर पडायचं, आणि नजरेच्या मध्यावर पडणाऱ्या गोष्टींची मेंदूत ठरलेली जागा असते. लहान वयात तासन्‌तास बघितलेलं तिथे कायमचं बसलं. ‘त्या गेमनं डोकं व्यापलंय’ असं घरचे म्हणायचे, ते शब्दशः खरं होतं म्हणायचं.

गेम मोड लावून मी परत पहिल्यापासून सुरुवात केली. या वेळी लपलेला ठोकळा कुठे आहे ते मला नीट माहीत होतं, म्हणून चौथा पाइप ओलांडून थांबले, अंदाज घेतला आणि उडी मारली. हवाच. एक पाऊल पुढे, परत उडी. परत हवा. सवयीचं काम लक्ष देऊन करायला गेलं की बिघडतं, हे क्रीडा मानसशास्त्रातही चांगलं ठाऊक आहे. वैतागून गेम रिसेट केला आणि या खेपेला ढगांकडे बघत, झुडपांशी ताडून बघत पळत सुटले. ठक्.

मश्रूम उजवीकडे सरकत निघाला. त्याच्या मागे लगेच धावायचं असतं, नाहीतर तो पुढच्या खड्ड्यात जातो. तो गेला. मागोमाग मीही.